गावातून कॅथलिक श्रद्धेकडे वळताना: पहिल्या मिस्सापासून बाप्तिस्म्यापर्यंत

तालुक्याला चर्च दिसलं म्हणजे ते कॅथलिकच असेल असं नाही. विदर्भात अलायन्स, फ्री मेथडिस्ट अशा प्रोटेस्टंट मंडळ्याही जुन्या आहेत. "मिस्सा किती वाजता असते?" असं विचारा, लगेच उलगडा होतो. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे अमरावती धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) येतात. भंडारा-गोंदिया नागपूर महाधर्मप्रांतात. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली चांदा धर्मप्रांतात आहेत. तो सिरो-मलबार या केरळातून आलेल्या कॅथलिक परंपरेचा, त्यामुळे तिथला विधी थोडा वेगळा दिसेल. श्रद्धा एकच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी १४ वर्षं पूर्ण झालेल्याला आपली परंपरा निवडता येते.

आधी दोन-तीन महिने फक्त मिस्साला जा. मागच्या बाकावर बसा, बाकीचे उठले की उठा. शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला येशूच्या जीवनाचा भाग, वाचताना सगळे उभे राहतात. गुडघे टेकणं जमत नसेल तर शांत बसून राहिलं तरी चालतं. दानाची थाळी आली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी. आपल्याकडे देवळात प्रसाद आल्या-गेल्या प्रत्येकाला मिळतो, नाकारला तर अपमान वाटतो. ख्रिस्तशरीर हा प्रसाद नव्हे. ती भाकर प्रत्यक्ष ख्रिस्त आहे असं कॅथलिक मानतात, आणि बाप्तिस्मा न झालेल्यांना ती दिली जात नाही. रांगेत न जाता जागेवरच प्रार्थना करा. चुकून पुढे गेलात तर हात छातीवर आडवे धरा, फादर बहुधा नुसता आशीर्वाद देतील.

मग फादरांना वेळ मागा, पण रविवारी मिस्सा संपल्यावरच्या गर्दीत नको. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी उघड सांगा: लग्न, आधीचा बाप्तिस्मा आणि घरचा विरोध. घटस्फोट किंवा दुसरं लग्न असेल तर ते प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायालयाकडे जाऊ शकतं, त्याला वेळ लागतो. लपवलं तर बाप्तिस्म्याच्या तोंडावर, ईस्टरच्या आठवडाभर आधी, सगळं अडतं. दुसऱ्या मंडळीत पाण्याने, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुन्हा होत नाही. तिथला दाखला आणावा लागतो.

शिकवणी साधारण वर्षभर चालते. कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ असतात, प्रोटेस्टंट प्रतीत ६६. विकत घेताना हे पाहून घ्या. वाचायला मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, ते सगळ्यांत लहान आहे. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत खाडे होणारच. कोणत्या आठवड्यात जमणार नाही ते शिकवणी घेणाऱ्या कॅटेकिस्टना आधी सांगा. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा, चौथा आणि पाचवा रविवार मात्र सोडू नका. उमेदवारांच्या शुद्धीचे विधी तेव्हा होतात. पुढे ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (तेल लावून श्रद्धा बळकट करण्याचा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. बाप्तिस्म्याला तुमच्या सोबत उभी राहणारी धर्मपिता किंवा धर्ममाता दृढीकरण झालेली, साधारण १६ वर्षांवरची कॅथलिक व्यक्ती हवी. आई-वडील चालत नाहीत.

पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश यांतलं काहीही कोणी देऊ केलं तर तिथून उठा. कोणालाही बळजबरीने किंवा आमिषाने आणण्याला १९६५च्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशातच मनाई आहे. संस्कार विकत मिळत नाहीत, गरिबाला पैशांअभावी ते नाकारताही येत नाहीत.

कागदपत्रांचा विचार बाप्तिस्म्याआधी करा. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. त्यामुळे महार, मांग, चांभार कुटुंबातली व्यक्ती ख्रिस्ती झाली की तो दर्जा आणि त्यावरचं आरक्षण जातं. गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. हा निर्णय घरातल्या मुलांच्या शिक्षणालाही लागतो, म्हणून नवरा-बायकोने एकत्र बसून बोलावं. धर्मांतराविषयीचा सध्याचा कायदा काय सांगतो ते जिल्ह्याच्या वकिलाला विचारून घ्या.

नाव बदलायची सक्ती नाही. रमेश रमेशच राहू शकतो. नोंदवहीत नाव आणि जन्मतारीख आधारकार्डावर आहे तशीच लिहून घ्या, पुढे लग्नाला त्याच नोंदीचा उतारा लागतो.