पाळीव सापासाठी पाण्याचं भांडं कसं निवडावं: आधी बूड बघा, मग वजन

सापाची पेटी सजवताना थर्मोस्टॅट, हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई), लपायची जागा यांवर आपण मनापासून खर्च करतो आणि पाण्यासाठी घरातली जुनी स्टीलची वाटी ठेवून देतो. बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा छोटा आफ्रिकन अजगर, रात्री हिंडायला लागला की ती वाटी उलटते, पेटीत अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजतं. ओल्यावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाकडचे खवले सडू लागतात. त्यात आपली ठाणे-नवी मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर एकदा सांडलेलं पाणी आपोआप वाळेल ही आशाच सोडा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशा कायदेशीर मार्गाने घेतलेल्या परदेशी सापांसाठी आहे. धामण, नानेटी, दिवड, अजगर हे आपले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. येऊरच्या बाजूला किंवा खारघरच्या टेकड्यांलगत घरात साप आला, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. बॉल पायथनची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, तीही करून टाका.

पहिली पायरी: आकार

दुकानात गेल्यावर बहुतेक जण भांडं उचलून जड आहे का ते बघतात. मी आधी ते बाजूने बघतो. भांडं कलंडतं ते साप काठावर भार टाकतो तेव्हा. काठ बुडाच्या बाहेर झुकलेला असेल, तर काठावरचा भार भांड्याला उलटवतो. बूड तोंडाइतकंच किंवा तोंडापेक्षा रुंद असेल, तर तोच भार भांड्याला खाली दाबून धरतो. म्हणून निमुळत्या बुडाचा जड वाडगासुद्धा उलटू शकतो आणि त्याहून हलकं पण बसकं भांडं जागचं हलत नाही.

परीक्षा सोपी आहे. रिकामं भांडं काउंटरवर ठेवा आणि काठ अंगठ्याने सरळ खाली दाबा. समोरची बाजू उचलली गेली, तर ते भांडं परत द्या. परीक्षा रिकाम्या भांड्याचीच घ्यायची, कारण पाणी कमी झाल्यावरच ते उलटण्याचा धोका जास्त असतो.

वजनाचं काम वेगळं. साप भांड्याखाली डोकं खुपसतो, अंग आत घालतो आणि वर रेटतो. माझा स्वतःचा हिशेब असा की रिकामं भांडं निदान सापाच्या वजनाइतकं असावं. दीड किलोच्या पायथनला दीड किलोचं भांडं. आणि ते कोकोपीटवर ठेवू नका. कोकोपीट बाजूला सारून भांडं थेट पेटीच्या तळावर टेकवा. नाहीतर साप खालून उकरतो आणि जड भांडं त्याच्याच अंगावर खचतं.

दुसरी पायरी: माप

साप पाण्यात उतरला की जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलतो. दीड किलोचा पायथन पूर्ण बुडाला, तर सुमारे दीड लिटर. त्यामुळे वेटोळं मावेल असं भांडं घेणार असाल, तर ते निम्म्याच्या खालीच भरा. पिण्यापुरतं हवं असेल, तर त्याहून बरंच लहान चालतं. पिल्लाला एक-दोन सेंटिमीटर पाणी पुरे. आत एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे त्याला सहज बाहेर येता येईल.

साप तासन्‌तास पाण्यातच बसू लागला, तर त्याला पोहायची हौस आली असं समजू नका. पेटी जास्त तापली असेल, कात टाकायची वेळ आली असेल किंवा अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असतील. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले, तर माइट्सचीच शंका धरा.

तिसरी पायरी: कशाचं घ्यावं

माझी पहिली पसंती कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या जाड, आतून गुळगुळीत चिनी मातीच्या भांड्याला. ठाणे-वाशीच्या पेट शॉपमध्ये ते सहज मिळतं. दुसरी पसंती जांभळी नाक्यासारख्या बाजारातल्या उथळ दगडी खलाला, मात्र नव्या खलाची कच निघेपर्यंत तो घासून धुवायचा. बिनचमकीचं मातीचं भांडं पाझरतं, ते नको. तांबं नको. शोभेचं रंगवलेलं भांडं, ज्याच्या रंगात काय आहे ठाऊक नाही, तेही नको. दगडासारखी दिसणारी रेझिनची भांडी सुंदर असतात, पण अनेक हलकी असतात आणि खाचांत घाण साचते.

चौथी पायरी: जागा आणि धुणं

भांडं पेटीच्या थंड बाजूला. हीट मॅटवर ठेवलं, तर पाणी भराभर उडून आर्द्रता चढते आणि कोमट पाण्यात जंतू लवकर वाढतात. पावसाळ्यात अरुंद तोंडाचं भांडं बरं. एसी रात्रभर चालणाऱ्या खोलीत रुंद तोंडाचं, पण हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) बघून.

पाणी रोज बदला, आपण पितो तेच द्या. पाण्यात बोट फिरवून तळ बुळबुळीत लागला, तर नुसतं विसळून भागत नाही, साबणाने घासा. सापाने पाण्यात घाण केली, तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी यात भांडं दहा मिनिटं ठेवा. मग वास जाईपर्यंत धुवा आणि कडक वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. हे सगळं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये अजिबात नको. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, घरात लहान मूल असेल तर आणखी जपा. बाथरूममध्ये वेगळ्या घासणीने धुवा आणि नंतर हात साबणाने स्वच्छ करा. पावसाळ्यात भांडं वाळायला दिवस लागतो, म्हणून एकाच मापाची दोन घ्या.