अप-डाऊनसाठी जुनी गाडी घेताना

जालन्याहून संभाजीनगरला रोज अप-डाऊन करणाऱ्याला एका बाजूचे साधारण साठ किलोमीटर पडतात. अशा माणसाने गाड्या पाहायला निघण्यापूर्वी घरी बसून इंधनाचा हिशेब मांडावा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,००० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी २०० लिटर पेट्रोल लागते आणि २० देणारीला १५०. पन्नास लिटरचा हा फरक दर महिन्याचा असल्यामुळे गाडी वीस हजारांनी स्वस्त मिळाल्याचा आनंद चारेक महिन्यांत पेट्रोलपंपावर जमा होतो. ज्याची शाळा किंवा बँक गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, त्याने एवढा काथ्याकूट करू नये. पेट्रोलवरची कोणतीही लहान, धड गाडी त्याला पुरते.

सीएनजीचा मोह सर्वांना होतो आणि लांब पल्ल्याच्या अप-डाऊनला तो योग्यही आहे. मात्र कंपनीचे आकडे चाचणीतले असतात हे ध्यानात ठेवावे. एक लिटर इंजिनाच्या वॅगनआर सीएनजीचा जाहीर आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. आपला हिशेब मात्र त्याच्या तीन चतुर्थांशावर करावा, म्हणजे एसी आणि रस्त्यावरचे खड्डे दोन्ही त्यात बसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप कोठे आहे आणि सकाळी तेथे किती रांग असते, हे गाडी घेण्याआधी स्वतः जाऊन पाहावे. मराठवाड्यात शहर सोडले की पंप विरळ होतात, आणि उलट दिशेला पंधरा किलोमीटर जाऊन गॅस भरायचा असेल तर बचत तेथेच संपते. गॅसच्या टाकीवरच्या पट्टीवर टाकी सुरक्षित असल्याच्या चाचणीची तारीख असते. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि बहुतेकांनी ती केलेली नसते. किट बाहेरून बसवलेले असेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त मिळते.

डिझेलबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि लहान डिझेल गाड्या जवळजवळ बंद झाल्या, त्यामुळे स्वस्तात मिळणारी लहान डिझेल गाडी बहुधा त्याआधीची असते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या भुलवणाऱ्या भावात इकडे येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. हा खर्च मिळवून मगच किंमत स्वस्त म्हणावी.

आता या यादीतली सर्वांत मोठी गोष्ट, जी मागच्या खरेदीत माझ्याकडून राहिली आणि जिच्यामुळे पूर्ण पैसे देऊनही गाडी कित्येक महिने माझ्या नावावर होऊ शकली नाही: आरसीवरचा बोजा, म्हणजे तिच्यावर नोंदलेले कर्ज देणाऱ्याचे नाव. जमीन घेताना आपण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कोणत्या बँकेचा बोजा आहे हे न पाहता इसार देत नाही, पण गाडी घेताना तीच माणसे रंग पाहून पैसे मोजतात. मालक शपथेवर सांगतो की कर्ज केव्हाच फिटले, आणि तो खोटे बोलत नसतो. कर्ज फिटणे आणि आरटीओच्या नोंदीतून फायनान्स कंपनीचे नाव निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आपोआप होत नाही. त्यासाठी कर्ज देणाऱ्याचे ना हरकत पत्र आणि त्याच्या सही-शिक्क्यासह ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत दाखल करावा लागतो. तो झाला नाही तर हस्तांतर अडते, मग तुमच्याकडे कितीही रकमेचा बाँड आणि कितीही साक्षीदार असोत. हे पत्र आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, यांची गल्लत करू नये. एजंट दोन्हींना एनओसीच म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

म्हणून गाडी पाहायला जाण्याआधीच, फोनवर बोलतानाच, नंबर मागून घ्यावा आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून पाहावा. फायनान्सरचे नाव दिसले तर मालकाला एकच प्रश्न विचारावा: ३५ नंबरचा फॉर्म हातात आहे का? ‘मिळून जाईल’ हे उत्तर नाही. ‘बँक ओळखीची आहे’ हेही उत्तर नाही. कर्ज एखाद्या पतसंस्थेचे किंवा मल्टिस्टेटचे असेल तर ती चालू आहे का याची आधी खात्री करावी, कारण आपल्याकडे अशा कित्येक संस्थांच्या दाराला कुलूप लागले आहे आणि कुलपाकडून सही-शिक्का मिळत नाही. बोजा आधी मालकाने उतरवावा, नोंद कोरी झालेली ॲपवर दिसावी, मग पुढचे बोलणे. तोपर्यंत इसार म्हणूनही मोठी रक्कम देऊ नये.

गाडीच्या तपासणीत टायर, पत्रा आणि क्लच सर्वांनाच कळतात. नसतील कळत तर ओळखीचा मेकॅनिक न्यावा, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. मीटरवर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर काढता येतात का ते पाहावे, आणि पेडलचे रबर पार झिजलेले असताना मीटर तीस हजार दाखवत असेल तर हसून परत यावे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात ठिकठिकाणी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही आता धुऊन-पुसून विक्रीला आल्या असणारच, तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहावे, सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहावे आणि स्टेपनीच्या खाली हात घालावा. अत्तराचा फार वास येणारी गाडी मला तरी संशयास्पद वाटते. गाडी दुपारी चालवून पाहावी, सकाळी नव्हे. उन्हाळ्यातल्या भर दुपारी एसी लावून अर्धा तास चालवल्यावर इंजिन तापते की नाही ते आपोआप समजते.

मालक हयात आहे का, हेही विचारावे. प्रश्न विचित्र वाटला तरी विचारावा. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकत असेल तर आधी ती वारसाच्या नावावर व्हावी लागते आणि त्याचा फॉर्म ३१ नंबरचा आहे. नेहमीच्या व्यवहारात हस्तांतरासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन ‘नंतर करू’ म्हणू नये. नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे हस्तांतराची घाई खरे तर विकणाऱ्यालाच हवी. हस्तांतराच्या वेळी मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू असल्याची खात्री त्याच्यासमोरच करावी. आणि हो, पैसे देण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा ॲप उघडून बोजा पाहावा. पुन्हा म्हणजे पुन्हा.

उरलेले भराभर सांगतो. ई-चलन थकले असेल तर मालकाकडून भरून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का पाहावे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो आपल्याला मिळत नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत. दुसरी चावी मागावी. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करवून आपला घ्यावा. ऑइल, फिल्टर आणि कूलंट लगेच बदलावे, आणि टाकी काठोकाठ भरून एकदा ॲव्हरेज काढावे. ते कागदावरच्या हिशेबाहून फारच कमी निघाले तर टायरची हवा आणि एअर फिल्टर आधी पाहावा, इंजिन खोलायला नंतर द्यावे.