लाकडी प्रोपेलरची थरथर कशी गेली

घरी बांधलेल्या आमच्या छोट्या विमानाच्या इंजिनाने वेग घेतला की पॅनेल थरथरायचं. आधी ट्रॅकिंग पाहिलं. दोन्ही पात्यांची टोकं एकाच रेषेतून जात होती. मग दोन्ही पात्यांचं वजन सारखं आहे का ते बघायला प्रोपेलर उतरवला, मधल्या भोकात घट्ट बसणारा दांडा घातला आणि लेव्हल केलेल्या दोन पट्ट्यांच्या धारांवर ठेवला. कूलर बंद! नागपूरच्या मे महिन्यात ही शिक्षाच, पण वाऱ्याच्या झोतात पातं खरं बोलतच नाही. एक पातं हळूच खाली बसलं. हलक्या पात्याच्या टोकाकडे वार्निशचा पातळ हात दिला, पूर्ण वाळल्यावर पुन्हा तपासलं. शेवटी प्रोपेलर कुठल्याही कोनात सोडला तरी जागचा हलेना. इथल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, म्हणून बसवल्यावर बोल्टचा टॉर्कही, म्हणजे ते किती जोराने आवळलेत तेही, परत बघितला. आता विमान उभं करताना पाती आडवीच ठेवतो. उभी राहिली तर ओल खालच्या पात्यात उतरते.