चेहऱ्याला खुलणारा रंग कसा ओळखावा

ऋतुरंग पद्धतीत, म्हणजे माणसांचे ऋतूंच्या नावाने चार गट पाडून कोणाला कोणते रंग शोभतात ते ठरवण्याच्या पद्धतीत, त्वचेच्या गोरेपणापेक्षा तिच्यातील पिवळसर किंवा निळसर झाक महत्त्वाची असते. नागपूरचे दुपारचे ऊन फार प्रखर असल्याने सकाळी, मेकअप न करता, खिडकीजवळ सावलीत बसावे आणि हनुवटीखाली आधी संत्र्याच्या सालीसारखा केशरी, मग राणी रंगाचा दुपट्टा धरून डोळ्यांखालची काळी वर्तुळे कशाने फिकी दिसतात ते पाहावे. केशरी खुलला तर झाक पिवळसर, म्हणजे गट वसंत किंवा शरद; राणी खुलला तर झाक निळसर, म्हणजे ग्रीष्म किंवा शिशिर. (हा ग्रीष्म युरोपातील सौम्य उन्हाळा, आपला मे महिना नव्हे, म्हणून त्यात फिकट जांभळा, धुरकट निळा येतो.) वसंताला पोपटी, शरदाला मेंदी, शिशिराला शुभ्र पांढरा शोभतो. नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारात साडी घेताना पदर दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावा.