म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठापासून गोदाघाटापर्यंत : काळ्या पाषाणातील शिल्पे कशी पाहावीत

नाशिकमध्ये ‘अर्ध्या दिवसात दहा ठिकाणे’ दाखवणाऱ्या याद्यांना तोटा नाही. त्या याद्यांप्रमाणे फिरलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याच्याजवळ दहा ठिकाणांची छायाचित्रे असतात. पण नारोशंकराच्या मंदिराच्या शिखरावर मोर आहेत की नाहीत, असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. दोष त्याच्या नजरेचा नसून वेळापत्रकाचा आहे. आपल्याकडची बहुतेक मंदिरे काळ्या बसाल्टमध्ये घडवलेली आहेत. या दगडावरचे कोरीवकाम दिवसाच्या ठरावीक वेळीच उठून दिसते आणि एरवी ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. म्हणून हा मार्ग नकाशावरून न आखता उन्हावरून आखावा.

शहरात राज्यभर कार्यक्षेत्र असलेली दोन विद्यापीठे आहेत. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, तर १९९८ चे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. दोन्ही बाजू एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट धरू नये. मी आधी म्हसरूळची बाजू सुचवतो, कारण तेथून दिंडोरी रस्ता थेट पंचवटीत उतरतो आणि अकराव्या-बाराव्या शतकातील जैन लेण्यांपासून अठराव्या शतकातील पेशवाईच्या मंदिरांपर्यंतचा काळ एकाच रस्त्यावर ओळीने पाहता येतो.

पहाट : चांभारलेणी

म्हसरूळच्या डोंगरातली जैन लेणी ती हीच. सूर्योदयाच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी असावे. पायऱ्यांवर सावली नाही आणि आठनंतर चढताना दम लागतो, एवढेच कारण पुरेसे आहे. ही गजपंथ या नावाने ओळखली जाणारी जैन सिद्धभूमी आहे आणि सात बलभद्रांना (जैन परंपरेतील पूज्य पुरुषांना) व आठ कोटी मुनींना येथे निर्वाण प्राप्त झाले, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे ही जागा सहलीची नसून पूजेची आहे, हे लक्षात ठेवून वागावे आणि चामड्याच्या वस्तू खालीच ठेवाव्यात. मूर्ती नित्य पूजेतल्या असल्याने त्यांच्यावर नंतरच्या काळाचे हात फिरलेले आहेत. मूळ छिन्नीचे काम शोधायचे असेल तर मूर्तीच्या चेहऱ्याकडे न पाहता कडेच्या भिंतींकडे आणि छताकडे पाहावे.

खाली उतरल्यावर विद्यापीठाचा परिसर रस्त्यावरूनच पाहावा. हे काम चालू असलेले परीक्षांचे आणि प्रशासनाचे ठिकाण आहे. आत जायचे असल्यास फाटकावर नाव नोंदवून परवानगी घ्यावी आणि ‘नाही’ म्हटले तर वाद घालू नये.

दहाच्या आत : काळाराम मंदिर

सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, असे सांगितले जाते. हाच तो रामशेज, ज्याने संभाजी महाराजांच्या काळात मुघल फौजेला वर्षानुवर्षे झुंजवले. काळारामात बारीक नक्षी शोधत बसू नये. त्याचे सौंदर्य प्रमाणात, ओवऱ्यांच्या रांगेत आणि मोकळ्या सुटलेल्या अंगणात आहे, आणि ते कोणत्याही उजेडात दिसते. मात्र चारही दरवाजे बाहेरून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दरवाज्यांसमोर झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे अनेक वर्षे चालवला. आतून बाहेर पडताना दरवाजा केवळ वाट असतो. बाहेर उभे राहून बंद दरवाज्याची कल्पना केली तरच त्या जागेचा इतिहास कळतो.

अकरा ते दोन : नारोशंकराचे मंदिर आणि उन्हाचा हिशेब

संपूर्ण दिवसातला अवघड टप्पा हाच आहे आणि याच टप्प्यावर मी स्वतः बराच काळ अडलेलो होतो. १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेले हे रामेश्वराचे मंदिर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर, तटबंदीच्या आत उभे आहे. बहुतेक लोक दर्शनी भागावरची घंटा पाहतात, वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण म्हणून तिच्याबद्दल सांगितलेली गोष्ट ऐकतात, तिच्यासोबत छायाचित्र काढून घेतात आणि निघून जातात. घंटा महत्त्वाची आहेच. परंतु मंदिराच्या भिंती आणि शिखर यांच्यापुढे ती दुय्यम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

छायाचित्रणाचा छंद असलेला प्रत्येक जण एक सल्ला देतो : ‘सूर्य पाठीशी ठेवा.’ माणसांचे फोटो काढताना तो ठीक असेल, पण दगडी शिल्पासाठी त्याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. सूर्य तुमच्या पाठीशी असतो तेव्हा ऊन भिंतीला समोरून भिडते, प्रत्येक उठावाची सावली त्याच्याच मागे लपते आणि हत्ती, वाघ, माकडे सगळी एकाच करड्या पत्र्यावर उमटल्यासारखी सपाट होतात. शिल्प दिसते ते भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हात, म्हणजे सूर्य तुमच्या बाजूला किंवा जवळजवळ भिंतीच्या रेषेत असताना. तेव्हा बोटभर उठावाचीही हातभर सावली पडते.

यावरून प्रत्येक भिंतीची वेळ ठरते. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी आठला जे ऊन पडते ते समोरचे असते आणि म्हणून निरुपयोगी असते. तीच भिंत अकरा वाजल्यापासून मध्यान्हापर्यंत बोलू लागते. नाशिकमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या आसपास, त्यामुळे हा अवधी वाटतो त्यापेक्षा थोडा लांब असतो. पश्चिमेच्या भिंतीची पाळी त्यानंतर येते आणि दोनपर्यंत तिच्यावरचे कोरीवकाम उठून दिसते. चार वाजता तिच्यावर थेट ऊन आले की काम संपले. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात सकाळचे पहिले आणि संध्याकाळचे शेवटचे ऊन कडेने लागते. उत्तरेची भिंत सगळ्यांत हट्टी आहे. सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चपर्यंत तिला थेट ऊन मिळतच नाही, पावसाळ्यात ढग असतात, म्हणजे उरतात ते एप्रिल-मेमधले सकाळ-संध्याकाळचे थोडे तास.

आता या विशिष्ट मंदिराची अडचण सांगतो. भोवतीच्या तटबंदीमुळे खालच्या थरांवर कोवळे ऊन पोहोचत नाही. सूर्य वर येईपर्यंत खालचा भाग सावलीत राहतो आणि शिखर मात्र तळपत असते. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत पाहण्याचा प्रयत्न केला तर एकही धड दिसत नाही. म्हणून दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत मान वर ठेवून फक्त शिखर पाहावे, आणि त्यासाठी साधी दुर्बीण जवळ ठेवावी. शिखराच्या नक्षीत मण्यांच्या माळा चोचीत धरलेले मोर आहेत. नुसत्या डोळ्यांना ती माळ दगडातली एक जाड रेघ वाटते. दुर्बिणीतून तिचा एकेक मणी सुटा दिसतो आणि मोराची मान माळेच्या भाराने किंचित झुकलेली भासते. दुसऱ्या फेरीत खाली यावे आणि पद्मासनातले साधू, प्राणी, फुलांच्या पट्ट्या यांच्याकडे वळावे.

ज्या बाजूला ऊन नसेल तेथे निराश होऊ नये. तुम्ही स्वतः हलावे : भिंतीसमोर उभे न राहता तिच्या कडेला जावे आणि तिच्या लांबीच्या दिशेने नजर टाकावी, म्हणजे सपाट वाटणारा थर पुढे-मागे होऊन उलगडतो. मोबाइलचा फ्लॅश कायमचा बंद ठेवावा, कारण तो समोरूनच येतो. मोबाइल आणखी एक खोडी करतो. काळा दगड अंधारा आहे असे समजून तो चित्र आपोआप उजळतो आणि पाषाणाची राख करून टाकतो. पडद्यावर शिल्पावर बोट ठेवून उजेड कमी करावा आणि दगड डोळ्यांना दिसतो तितका काळा झाल्यावरच बटण दाबावे.

एक ताकीद देतो. कोरीवकाम ठळक व्हावे म्हणून दगडावर पाणी मारणारे, खडू किंवा कुंकू घासणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ‘अक्षरे वाचायची असतील तर ओले करा’ असे आत्मविश्वासाने सांगणारे मार्गदर्शकही पाहिले आहेत. ओला बसाल्ट चकाकतो आणि उलट कमी दिसतो. घासलेली पूड सांध्यांत जाऊन बसते ती निघत नाही. असे कोणी करताना दिसल्यास थांबवावे.

दुपार : कपालेश्वर आणि दुतोंड्या मारुती

जेवण पंचवटीत उरकावे. कपालेश्वर हे महादेवाचे मंदिर असूनही त्याच्यासमोर नंदी नाही, हे पायऱ्या चढून स्वतः पाहावे. दुतोंड्या मारुती मात्र घाईत पाहू नये. गोदापात्रात उभी असलेली ही दोन मुखांची मूर्ती नाशिककरांची पूरपट्टी आहे. पावसाळ्यात ‘पाणी मारुतीच्या कमरेला लागले’, ‘छातीला लागले’ या शब्दांतच शहर पुराचा अंदाज घेते. उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात आलात तर मूर्तीच्या पायाशी उभे राहून डोक्यापर्यंत नजर न्यावी आणि मग काठावरच्या दुकानांच्या उंचीशी ती ताडून पाहावी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असल्याचे कळले तर घाटाची पायरीही उतरू नये. पाणी चढत असते तेव्हा ते चढताना दिसत नाही.

बुधवार टाळावा. त्या दिवशी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो आणि तो पाहायलाच येणार असाल तर गोष्ट वेगळी, पण शिल्पांसाठी मोकळी जागा सापडत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घाटाच्या परिसरात कामेही निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी पंचवटीतल्या कोणा ओळखीच्याला विचारून घ्यावे.

संध्याकाळ : सुंदरनारायण आणि सरकारवाडा

अहिल्यादेवी होळकर पुलावरून पलीकडे आलात की लगेच सुंदरनारायण मंदिर लागते. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ साली बांधले. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीच्या चरणांवर पडतात असे सांगतात. त्या दिवशी जायचे असेल तर पहाटेच रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी. इतर दिवशी चारनंतर यावे आणि दक्षिणेच्या बाजूने सुरुवात करावी. येथे राज्य पुरातत्त्व विभागाने जीर्णोद्धाराचे काम केलेले आहे. त्यामुळे जुना दगड आणि नवा दगड शेजारी शेजारी पाहता येतात : नव्याच्या कडा धारदार असतात, तर जुन्याच्या कडा पावसाने गोलसर झालेल्या असतात.

उजेड उरला असेल तर सराफ बाजारातील सरकारवाडा या पेशवेकालीन वाड्यापर्यंत चालत जावे. येथे नजर दगडावरून लाकडाकडे वळवावी लागते, आणि लाकडाला उन्हाचा एवढा हिशेब लागत नाही.

मुक्त विद्यापीठाच्या बाजूसाठी वेगळा दिवस काढावा. तिकडे कोरीवकाम थोडे आणि भूमीच जास्त आहे : गंगापूरजवळच्या गोदावरीकाठच्या खडीच्या थरांतून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली, आणि वाटेत आनंदवल्ली, नवश्या गणपती व सोमेश्वर लागतात. सोमेश्वरचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यानंतरचे पहिले काही आठवडे निवडावेत, खडकांवर उतरू नये, आणि काठावरचे गोटे खिशात घालून आणू नयेत.