नवा उत्प्रेरक नंतर, आधी बोल्ट

विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या मेंब्रेन सेलवर (मेंब्रेन म्हणजे मधला पातळ पडदा) काम करायला पुण्यात पाषाणच्या एका लॅबमध्ये लागलो, तेव्हा भारी उत्प्रेरक बनवला की झालं, असं वाटायचं. चार महिने त्या उत्प्रेरकाचे, म्हणजे इरिडियम ऑक्साइडचे, नमुने बनवण्यात गेले. मग एकाच पावडरचे तीन सेल बांधले, तर व्होल्टेज तीन तऱ्हांचं. नमुन्यांपेक्षा माझ्या हातातच जास्त फरक होता.

सीनियर ताईने सेल उघडायला लावला. मेंब्रेनच्या एका बाजूला टायटॅनियम फेल्टचे (मेंब्रेनला टेकणाऱ्या धातूच्या सच्छिद्र थराचे) ठसे स्पष्ट उमटलेले, दुसरी बाजू कोरी. "अर्धा सेल सुट्टीवर आहे रे तुझा!" मी बोल्ट ओळीने, एकामागून एक आवळले होते. ते समोरासमोरचे घ्यायचे असतात, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), थोडे थोडे करत तीन-चार फेऱ्यांत. मशीन शॉपमधल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना कोणी शिकवत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजच्या हिशोबाची. 25 अंशांना पाणी फुटायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात, पण सेल खातो 1.8 ते 2. वरचं जातं कुठे? नाफिऑन 117 घ्या, प्रोटॉन वाहून नेणारं नेहमीचं मेंब्रेन. जाडी सुमारे 180 मायक्रॉन, वाहकता साधारण 0.1 सीमेन्स प्रति सेंमी धरली, तर रोध 0.18 ओहम-चौ. सेंमी येतो. चौ. सेंमीला 2 अँपिअर सोडले की एकट्या मेंब्रेनमध्ये 0.36 व्होल्ट गेले. 50 मायक्रॉनचं नाफिऑन 212 लावलं तर 0.1. एवढी बचत उत्प्रेरकातून काढायला घाम फुटतो.

मग सगळे पातळच का लावत नाहीत? पातळ मेंब्रेनमधून हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो, आणि ऑक्सिजनमध्ये तो 4 टक्क्यांच्या आसपास गेला की स्फोटाची हद्द सुरू होते. करंट कमी केला की ऑक्सिजन कमी बनतो, झिरपणं मात्र फारसं घटत नाही. म्हणून रात्री करंट उतरवून सेल तसाच चालू ठेवून घरी जाऊ नका. सुरक्षित वाटतं, पण आहे उलटं.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक पाण्याची. डीआय (आयन काढलेल्या) पाण्याच्या नळीत घाईघाईत एक साधा स्टीलचा कनेक्टर घातला. व्होल्टेज रोज थोडं थोडं चढत गेलं आणि मी उत्प्रेरकाला दोष देत बसलो. लोहाचे आयन मेंब्रेनमध्ये प्रोटॉनच्या जागा अडवून बसले होते. सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळून ते बरंचसं सावरलं, पण तीन आठवडे गेले ते गेलेच.

वायरींचंही तेच. तपकीर गल्लीतल्या क्लिपा चालतात, पण व्होल्टेज मोजायच्या तारा वेगळ्या घेऊन थेट सेलच्या प्लेटवर लावा. नाहीतर मोजाल ते क्लिपचं व्होल्टेज.

जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी मिळाली. तेव्हापासून या विषयाकडे वळणारे वाढलेत. निकेलवर चालणाऱ्या ॲनायन मेंब्रेनचं (प्रोटॉनऐवजी ऋण आयन नेणाऱ्या) आकर्षण मोठं आहे, इरिडियमचा खर्च वाचतो. पण अल्कलीत ते मेंब्रेन किती टिकतं, हे आधी विचारा.

आणि पहिल्याच दिवशी मोजपात्र पाण्यात उलटं धरून हायड्रोजन मोजा. खोलीच्या तापमानाला 5 अँपिअरला मिनिटाला साधारण 38 मिली भरला पाहिजे. माझा 31 भरला होता. गळती गॅस्केटच्या कोपऱ्यात होती, साबणाच्या पाण्याचा एक बुडबुडा तिथे शांतपणे फुगत होता.