अर्धवट गाणी, अर्धवट कथा : काम तडीस नेण्याची पद्धत

सांगली-मिरज पट्ट्यात गाणारे आणि लिहिणारे कमी नाहीत. नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून दोन्ही करणारेही बरेच आहेत. त्यांचं काम बहुतेकदा दोनच जागी अडतं : बसायच्या वेळी आणि संपवायच्या वेळी. एकदा सूर लागला किंवा पहिला परिच्छेद उतरला, की मधलं काम होत राहतं. म्हणून शिस्त लावायची ती या दोन टोकांना.

बैठक मांडूनच ठेवा

बसायचं ठरवल्यापासून पहिला सूर लागेपर्यंत किती वेळ जातो, हे एकदा घड्याळ लावून पाहा. पाच मिनिटांच्या वर जात असेल तर ती बैठक पुढे टिकणार नाही. तंबोरा गवसणीत घालून कपाटावर, तबल्याचं ॲप असलेल्या मोबाइलला चार्जिंग नाही, वही कुठल्या तरी पिशवीत, अशा किरकोळ गोष्टींतच रियाझ मोडतो. घरात लहान मुलं नसतील तर तंबोरा खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब, उघडाच ठेवा. मुलं असतील तर गवसणी घाला, पण वाद्य जमिनीवरच राहू द्या. वही आणि पेन सतरंजीच्या घडीतच असावं.

रोजचं माप लहान ठेवा : २० मिनिटं रियाझ आणि २०० शब्द. उत्साहाच्या भरात रविवारी दोन तासांचा नेम ठरतो आणि बुधवारी ऑफिसात उशीर झाला की सुटतो. लहान माप तापाचे दिवस सोडले तर कधीही जमतं. जास्त झालं तर चांगलंच आहे, पण ते दुसऱ्या दिवशीच्या खात्यात धरायचं नाही. तसंच, एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. लिखाणात ते चालून जातं, गळ्याला मात्र ताण पडतो आणि घसा बसला की पुढचे तीन दिवस गेलेच.

कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ ठरवू नये. पाळी दर आठवड्याला बदलते, तेव्हा वेळेचा नेम आठवड्यातच तुटतो. त्याऐवजी "झोपून उठल्यावर चहाच्या आधी" असा नेम ठेवा. उठल्या उठल्या आवाज जड आणि खालचा असतो. तो खर्जाला, म्हणजे खालच्या सुरांना उत्तम, वरच्या (तार) सप्तकाला आणि तानांना वाईट. आधी कोमट पाणी, मग मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातले लांब सूर, आणि आवाज मोकळा झाल्यावरच वर जा. सलग ४० मिनिटांनंतर गळ्याला विश्रांती द्या आणि त्या वेळात लिहा. गाणारा आणि लिहिणारा एकच असण्याचा हा मोठा फायदा आहे : एक काम थकवतं ते दुसऱ्याला लागत नाही.

बैठक संपताना वहीत तारीख घाला आणि दोनच गोष्टी लिहा : कुठं अडलं, आणि उद्या पहिलं काम काय. "भूप, विलंबित एकताल. दुसऱ्या आवर्तनाला सम हुकते. उद्या फक्त मुखडा, टाळी देऊन, दहा वेळा." इतकं पुरे. (सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.) "आज छान झालं" या नोंदीचा उद्या काही उपयोग नाही. लिखाण थांबवताना प्रसंग पुरा करून थांबू नका. पुढचं वाक्य माहीत असतानाच उठा. दुसऱ्या दिवशी ते वाक्य हाताशी असतं आणि कोऱ्या कागदापुढं बसून राहावं लागत नाही.

उघडी कामं किती असावीत

दोन गाणी आणि एक कथा, यापेक्षा जास्त नाही. नवीन चाल सुचली तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटात गुणगुणून ठेवा, फाइलला नाव आणि तारीख द्या आणि चालू कामाकडे परत या. सुचलेलं वाया जात नाही. चालू गाणं मात्र दोन महिने बाजूला पडलं की त्याचा सूर पुन्हा सापडत नाही.

"झालं" म्हणजे काय, हे काम सुरू करतानाच लिहून ठेवा. गाण्याच्या बाबतीत : शब्द पक्के, चाल पक्की, पट्टी आणि लय वहीत लिहिलेली, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा न थांबता मोबाइलवर गायलेलं. त्यानंतर शब्द बदलायचे नाहीत. म्हणून शब्दांची तपासणी त्याच्या आधी, चाल लावण्यापूर्वी, टाळी देत करायची.

उदाहरणादाखल एक ओळ घ्या : "कृष्णेकाठी सांजवेळा". केरव्याच्या आठ मात्रांत बसवायची आहे. "कृष्णेकाठी" बरोबर आठ मात्रांचं, सम "कृ"वर. "सांजवेळा" सात मात्रांचं, म्हणजे एक मात्रा उरते आणि तीच श्वासाची जागा. शेवटी लाडानं "ग" जोडलात तर आठ मात्रा भरतात, पण श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि पुढच्या ओळीची सम धाप लागलेल्या गळ्यातून येते. याच ओळीत "सांज झाली" लिहिलं तरी मात्रा सातच होतात, पण शेवटी "ई" येते. वरच्या षड्जावर (सा) ती लांबवली की आवाज चिमटतो. "आ" आणि "ओ" वर मोकळे लागतात, "ई" आणि "ऊ" आवळतात. म्हणजे ओळ वर जाऊन थांबणार असेल तर शेवट "वेळा"चा हवा, खाली उतरणार असेल तर "झाली"ही चालेल. अशी प्रत्येक ओळ तपासायला तासभर लागतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी ओळ गळ्यात अडकली तर एका तासात निभत नाही.

कथेचं "झालं" म्हणजे छापून, मोठ्यानं वाचून, पेनानं दुरुस्त केलेली प्रत. स्क्रीनवर वाचताना डोळा पुनरुक्ती सोडून देतो, जीभ सोडत नाही. लिहिलं त्या दिवशी दुरुस्ती करू नका. निदान आठवडा जाऊ द्या.

तारीख बाहेरून येऊ द्यावी. स्वतः ठरवलेली तारीख माणूस सहज पुढं ढकलतो. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जून ते ऑगस्टमध्ये मजकूर घेतात, तेव्हा कथा मेअखेर तयार हवी. औदुंबरला संक्रांतीच्या सुमारास साहित्य संमेलन भरतं. तिथं कविता वाचायची म्हणून डिसेंबरात पाच कविता पक्क्या करायच्या, हे चांगलं निमित्त आहे. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांचा ढीग होते. पाठवण्यापूर्वी "तऱ्हा", "दुसऱ्या" असे शब्द शोधून पाहा. यांतला "र" बहुतेक वेळा रफार होऊन वर चढलेला असतो.

घरच्या घरी रेकॉर्डिंग

आधी काळ-वेळ. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा हंगाम चालू होतो आणि मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर स्पीकर लावून रात्रभर जातात. पुढं जत्रा आणि लग्नसराई. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस, भाद्रपदात मंडळांचे कर्णे. पहाटे चार ते सहा हीच बाराही महिने चालणारी वेळ. त्या वेळी आवाज जड असतो, म्हणून उंच पट्टीची गाणी रात्री अकरानंतर, रस्त्यापासून आतल्या खोलीत करा.

गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि फरशी यामुळे आपल्या खोल्या घुमतात. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टणटणीत शेपूट ऐकू आलं तर तिथं रेकॉर्डिंग नको. समोरूनच आवाज घेणारा माइक असेल तर तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या तोंडासमोर येते, म्हणून गोधड्या आधी तुमच्या पाठीमागं टांगा. बरेच जण माइकच्या मागं टांगतात आणि घुमणं तसंच राहतं. खाली सतरंजी किंवा गादी. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजवर गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे चालू करायचं राहून जात नाही.

माइक तोंडापासून एक वीत, म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास, जरासा तिरका. मध्ये जाळी हवीच, नाहीतर "प" आणि "भ" फुटतात. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात वरची जागा गाऊन बघा आणि पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला टेकलेला सूर नंतर दुरुस्त होत नाही. गाण्यापूर्वी २० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. नंतर खरखर काढताना तो लागतो.

पेटी असेल तर तंबोरा पेटीला मिळवा, उलट नको. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाणाला बऱ्याचदा बसत नाहीत. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) म्हणून ॲपवरचा तंबोरा लावला आणि पेटी थोडी उतरलेली असली तर सगळं गाणं बेसूर वाटतं आणि कारण सापडत नाही. ॲपचा तंबोरा एकाच कानात, हेडफोनवर घ्या. माइकमध्ये शिरला तर तो काढता येत नाही.

पूर्ण गाणं तीनदा गा आणि थांबा. निवड दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री ऐकलं तर चुकाच ऐकू येतात.

तंबोऱ्याचा आवाज मिटला असेल तर आधी घोडीवरचा दोरा, म्हणजे जीवा, केसभर मागं-पुढं सरकवून पाहा. तरीही झंकार उघडला नाही तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्या आहेत असं समजा आणि मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून घ्या. घरी कानस लावू नका, एका चुकीच्या फटक्यात घोडी बदलावी लागते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकी जाणती माणसं तासाभराच्या अंतरावर असताना वाद्य बिघडलेल्या अवस्थेत वाजवत राहणं बरं नाही. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसाव्यात. पावसाळ्यात हे चुकलं की गंज चढतो.

फाइलच्या तीन प्रती ठेवा : संगणकावर, हार्ड डिस्कवर आणि इंटरनेटवरच्या साठ्यात. कृष्णेच्या पुराचं पाणी जिथं येतं तिथं डिस्क, वह्या आणि वाद्यं जूनलाच वरच्या मजल्यावर जावीत. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी चढू लागल्यावर आधी माणसं आणि जनावरं हलवावी लागतात, तंबोऱ्याला हात रिकामा राहत नाही.

हक्क आणि प्रकाशन

जुन्या संतांच्या अभंगांना चाल लावायला कुणाची परवानगी लागत नाही. अलीकडच्या कवीच्या कवितेला लागते. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. परवानगीसाठी हक्कधारकांना पत्र आधी लिहा, चाल नंतर लावा.

तुमच्या स्वतःच्या कामावरचा हक्क ते तयार होताच तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क दुसऱ्याला देण्याच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क जातो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, "सर्व हक्क दिले" असं लिहून घेतलं तरीही. ती रॉयल्टी हाती यावी म्हणून गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं.

गाणं वितरकाकडे (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे) डब्ल्यूएव्ही फाइलमध्येच द्या, एमपीथ्री नको. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं. प्रदर्शनाची तारीख चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि फाइलमध्ये काही चूक निघाली तर दुरुस्तीलाच आठवडा जातो. नावाचं स्पेलिंग प्रत्येक गाण्याला एकच असू द्या. एका गाण्यावर मराठीत नाव, दुसऱ्यावर इंग्रजीत, असं झालं की दोन वेगळी कलाकार-पानं तयार होतात आणि ऐकणारे विभागले जातात. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं त्याच वेळी भरा. तबलजीचं नाव राहिलं तर नंतर घालून घेणं किचकट होतं. वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्याची ओळख पटवणारा स्वतंत्र क्रमांक देतो. तो वहीत गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा. वितरक बदलायची वेळ आली तर तोच क्रमांक द्यायचा असतो, म्हणजे किती वेळा ऐकलं गेलं याची आधीची मोजणी त्याच गाण्याच्या नावावर राहते.